गंजाची पकड

९ ऑक्टोबर, सोमवार

निघत नाही! ताईच्या ट्रकचं मागचं डावं चाक. सगळे नट काढले, तरी जागचं हललं नाही. त्याच्या मागचा ब्रेक किंचाळतोय, आणि चाक उतरल्याशिवाय ब्रेकला हात लागत नाही. ताई स्वतः चालवते. पुढची खेप घाटातून. अशा ब्रेकवर तिला कसं सोडू?

चाक ॲल्युमिनियमचं, ते ज्यावर बसतं तो हब लोखंडी. मधे पाणी शिरतं, गंज धरतो, दोन्ही एकजीव होऊन बसतात. बसवताना हब तारेच्या ब्रशनं घासायचा, कडेवरून ग्रीसचा पातळ हात फिरवायचा — बस्स! पण ग्रीसचा डबा गॅरेजच्या मालकांच्या, मिस्त्रींच्या कपाटात, कुलपात. मागे कुणा शहाण्यानं बोल्टांनाच ग्रीस चोपडलं आणि नट सुटले. तेव्हापासून चाकाजवळ ग्रीस नाही म्हणजे नाही. दुधानं तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पितात.

१० ऑक्टोबर

लाकडाचा ठोकळा लावून दिवसभर घण घातले. खांदा कामातून गेला. ताई चहा घेऊन आली. "तुझ्या भावोजींपेक्षा हट्टी आहे रे हे!" मला हसू आलं नाही. मालवाल्याचे फोन चालूच आहेत. ती थांबेलसं वाटत नाही.

११ ऑक्टोबर, सकाळ

शेवटचा उपाय. नट परत लावले, पण सैल. ताईनं आवारात ट्रक फिरवला, करकचून ब्रेक मारले. एरवी त्या धक्क्यानं चाक सुटतं. हे नाही सुटलं. मिस्त्री म्हणाले, "शेजारच्या गॅरेजातला मोठा घण आण."

दुपार

आवार रिकामं!

आमच्याकडे रीत आहे — नट सैल केले की पाना स्टिअरिंगला अडकवायचा. पाना दिसला की गाडी हलवायची नाही. आणि मी घण आणायला गेलो तो पाना हातात घेऊनच! ताईला स्टिअरिंग मोकळं दिसलं. नट आवळलेत असं समजून ती निघून गेली. मोबाइलवर निरोप ठेवलाय — "माल तयार आहे. चाकाचं आल्यावर बघू. सावकाश जाते, काळजी करू नकोस."

फोन उचलत नाही. गाडी चालवताना ती कधीच उचलत नाही.

मिस्त्रींच्या गाडीत

अक्षर हलतंय. मिस्त्री गाडी हाणतायत. मघाशी रस्त्यावर नट दिसला. आमचाच! पुढे आणखी एक. माझ्या जिवात जीव नाही. देवा, तिला वाचव, मग माझं काय करायचं ते कर.

भाचीचा फोन आला. "मामा, आई फोन का उचलत नाहीये?" म्हटलं, "गाडी चालवतेय गं, बाळा." आवाज फुटला असावा. तिनं फोन ठेवला.

१२ ऑक्टोबर

ताई काल घाटाच्या तोंडाशी सापडली. टपरीवर चहा पीत होती. "असा पांढराफटक का पडलास रे?" मी तिला घट्ट धरून रडलो, चारचौघांत.

मग चाकाकडे गेलो. नट एकही नव्हता. चाक मात्र होतं. इथवर तिला नुसत्या गंजानं आणलं!

१४ ऑक्टोबर

मोठ्या घणानं चाक उतरलं. ब्रेक झाला. मिस्त्रींनी कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "लाव बाबा ग्रीस."

हब घासून लखलखीत केलाय. डबा उघडून बसलोय. हात धजत नाही.