गयामावशीचं पुढे काय झालं

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. डायरी सुकेशनीने नागपूरहून पाठवली. मागच्या वर्षीची आहे, वार जुळत नाहीत, कागद चांगला आहे. तिचं म्हणणं, आई, तू लोकांना जे जे सुचवतेस ते लिहून काढत जा, म्हणजे मला फोनवर एवढं सांगावं लागणार नाही. मुलीला माझ्या कामाची कदर आहे.

काम असं. चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे पुस्तक, पिक्चर किंवा मालिका सुचवणे. पैसे नाहीत. आपल्या अनसिंगात हे दुसरं कोणी करत नाही.

पद्धत माझी आहे. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीला गाठ मारायची, पिशवी डब्यात पिठावर ठेवायची, वरून झाकण. पुस्तक दळणाबरोबर घरी जातं आणि पुढच्या दळणाबरोबर परत येतं. आजवर कोणी नाही म्हटलं नाही. घरी गेल्यावरच झाकण उघडतात, हे एक कारण असू शकेल.

४ नोव्हेंबर, दुपार
वच्छलाने जाडजूड ऐतिहासिक पुस्तक आठ दिवसांत परत केलं. पानाला डाग नाही, बोट लागलेलं नाही. पिशवीला मारलेली गाठ हुबेहूब माझ्यासारखी. एवढ्या दिवसांत बाई माझी गाठ शिकली. वाचनाने माणसाला वळण लागतं.

६ नोव्हेंबर
निळ्या पुठ्ठ्याच्या कादंबरीचं आता मनावर घ्यायचं.

ही ह्यांची. लाईन गेली की चक्की बंद पडायची, मग हे पट्ट्याजवळच्या स्टुलावर बसून मला ती वाचून दाखवायचे. लाईन जाण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कोकणातली गोष्ट आहे. होड्या, नारळ, भाऊबंदकी. पण तिच्यातली गयामावशी आपल्या वऱ्हाडीत बोलते. लेखक मोठा असणार. इतक्या लांबच्या बाईच्या तोंडी आपली भाषा घालणं सोपं नाही.

गयामावशी हट्टी आहे. एसटीत पिठाच्या डब्याचं अर्धं तिकीट काढते आणि डबा खिडकीशी बसवते. मीही एकदा रिसोडच्या गाडीत तसं केलं होतं, पण माझं कारण वेगळं होतं. ताजं पीठ गरम असतं, त्याला वारा लागतो. तिचा नुसता हट्ट.

शेवटच्या दिवशी हे इथपर्यंत आले होते. गयामावशी नवऱ्यावर रुसून पिशवी घेऊन स्टेशनवर जाऊन बसली. नवरा तिला आणायला निघाला. ह्यांनी पानाचा कोपरा दुमडला आणि म्हणाले, बाकी उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीचं शटर अर्धं वर केलं आणि तिथेच बसले ते बसलेच. दोन वर्षं झाली.

तो स्टेशनवर पोचला की नाही, हे कोणीतरी वाचून मला सांगावं. माझं त्यावाचून काही अडलेलं नाही. मी स्वतःच वाचलं असतं, पण टाइप बारीक आहे आणि चष्म्याची काडी ढिली आहे.

७ नोव्हेंबर
काडी दुरुस्त करून आणली. टाइप बारीकच आहे.

९ नोव्हेंबर
निळी कादंबरी वच्छलाच्या ज्वारीवर ठेवून दिली. गयामावशीचं सगळं आधी सांगितलं, म्हणजे वाचताना ओळख राहील. रांगेतल्या बायाही ऐकत होत्या. बांगड्यांच्या दुकानातली जुबेदा दोनदा हसली. तिचा गहू होता, तिला काही दिलं नाही. दिवसभर गिऱ्हाइकांचे हात धरून बसते, पुस्तक कोणत्या हाताने धरणार?

आज दिलेल्या इतर शिफारशी. वच्छलाचा नवरा हरिसिंग याला पहिलवानाचा पिक्चर. मंजूला सासूशी पटत नाही, म्हणून तिला एक मालिका, जिच्यात शेवटी सासू-सून एका ताटात जेवतात.

१२ नोव्हेंबर
मंजूच्या घरी गैरसमज. मालिकेचे सातशे भाग आहेत. एका ताटातलं जेवण शेवटच्या भागात आहे. मंजू आणि सासू मिळून तीन भाग पाहिले. तिसऱ्यात सून सासूच्या दुधात काहीतरी मिसळते. सासूने दुधाचा चहा सोडला आहे. मी निरोप पाठवला, धीर धरा, पुढे चांगलं आहे. सासू म्हणे पुढपर्यंत आपण राहू याची खात्री नाही.

हरिसिंगने पिक्चर डोळे मिटून पाहिला असं वच्छला म्हणाली. इतका रंगला.

१६ नोव्हेंबर
वच्छला कादंबरी घेऊन आली. गाठ उत्तम. मी सहज विचारावं तसं विचारलं, नवरा स्टेशनवर पोचला का? वच्छला म्हणाली, पोचला असन ना. मी म्हटलं, असन म्हणजे काय, वाचलं ना तू? तिचा डबा रांगेत पहिला होता आणि माझा हात बटणावर होता. ती म्हणाली, पोचला, पोचला, घरी घेऊन गेला, लई चांगलं दाखवलं हाये.

बरं वाटलं. दिवसभर चक्की छान चालली.

१७ नोव्हेंबर
खात्रीसाठी कादंबरी मंजूला दिली. मत एकाचंच घेऊ नये.

२३ नोव्हेंबर
मंजू सांगते तो पोचलाच नाही. मावशी गाडीत बसून मुंबईला गेली आणि तिने पोळ्यांचा धंदा टाकला. मंजूचा चेहरा सांगताना फार समाधानी होता.

मतं वेगळी असू शकतात. पण माणूस स्टेशनवर पोचला की नाही, हे मत नव्हे.

बराच विचार केला. दोघींनी वेगवेगळी पानं वाचली असणार.

२४ नोव्हेंबर
झोप नीट नाही. मावशी बाकावर बसून आहे आणि तो येतो की नाही हे दोन बाया दोन तऱ्हेने सांगतात. मला काही फरक पडत नाही. पण दोन वर्षं बाकावर बसणं म्हणजे थंडीचं अवघड आहे.

स्टेशनचं वर्णन ह्यांनी वाचलं होतं ते अजून डोळ्यांपुढे आहे. कडुनिंब, एक पाय तुटलेला बाक, नळाला बांधलेलं फडकं. आपल्या स्टेशनसारखंच. मीही एकदा तिथे पिशवी घेऊन बसले होते. पण मी रुसले नव्हते, गाडी बघायला गेले होते.

२६ नोव्हेंबर
निर्णय. पुस्तक राजपाल सरांकडे. शाळेत मराठी शिकवतात, गोष्टीचं तात्पर्य काढायची सवय आहे. त्यांचा डबा बुधवारी असतो.

२६ नोव्हेंबर, दुपारी
दळण सुरू असताना लाईन गेली. आत अंधार. तेवढ्यात डबे भरून ठेवले, सरांच्या डब्यात पुस्तक ठेवलं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पण खरं वाचायला शिकले ते डब्यांवरची रंगाने लिहिलेली नावं लावून. नंतर रद्दी, नंतर पुस्तकं. हे म्हणायचे, तू डब्यापासून सुरुवात केली म्हणून तुला पुस्तकातही कोण कोणाचं हे आधी लागतं. आजवर माझ्या हातून डब्याची अदलाबदल झालेली नाही.

३० नोव्हेंबर
सर रस्त्यात भेटले. कादंबरीचं विचारलं तर म्हणाले, कोणती? विनम्र माणूस. वाचून पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही, हे शिकलेल्यांचं लक्षण.

सुकेशनीला फोनवर दोन मालिका आणि एक प्रवासवर्णन सुचवलं. बघते आई, म्हणाली, आणि रेंज गेली. नागपूरला रेंज फार जाते. ती म्हणते इकडे येऊन राहा. वाचकांना असं मधेच सोडून कसं जाणार?

३ डिसेंबर
सरांचा डबा आला. आत पुस्तक नाही. मी विचारलं. सर म्हणाले, काकू, मला पुस्तक मिळालंच नाही, आणि खरं सांगू का, मिळालं असतं तरी पेपर तपासायचे आहेत.

चार शेल्फ शोधले. चाळणीखाली शोधलं. पोत्यांमागे शोधलं. ह्यांच्या स्टुलाखालीही पाहिलं, जिथे ते असण्याचं काही कारण नाही.

४ डिसेंबर
कोणाला काही सुचवलं नाही. तब्येत ठीक आहे.

५ डिसेंबर
मंजूने आपणहून विचारलं, काकू, आज काहून काई सांगून नाई राह्यल्या? मी म्हटलं पट्टा ढिला आहे.

७ डिसेंबर
पुस्तक सापडलं. जुबेदाकडे होतं. त्या दिवशी अंधारात तिच्या डब्यात गेलं. तिच्या आणि सरांच्या डब्याचा रंग एकच आहे, त्यात माझी चूक नाही.

पुस्तकाची दशा बघवत नाही. पुठ्ठ्यावर हळदीचं बोट. सात-आठ ठिकाणी कोपरे दुमडलेले. एका पानावर पाणी पडून कागद फुगला आहे. मध्ये खूण म्हणून बांगडीचा तुकडा. पिशवीची गाठ तर जागेवर नाहीच, पिशवी फाडली आहे. अशा माणसाच्या हाती पुस्तक जाऊ नये म्हणूनच मी निवड करते.

फुगलेल्या पानाचं विचारलं. जुबेदा म्हणाली होडी बुडते तिथं रडू आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्या बाईने बांगड्या न घेता आधी हिला पाणी दिलं.

मग म्हणाली पुस्तक चांगलं आहे, पण एक तक्रार आहे.

"काकू, तुमी सांगतली ते गयामावशी कुठं हाये याच्यात? मी दोनदा पाह्यलं. नाईच."

मी म्हटलं तू पानं गाळली असशील. ती म्हणाली एकही नाही. मी म्हटलं डब्याचं अर्धं तिकीट काढते ती. जुबेदा हसायला लागली. रांगेतल्या बायाही वळून पाहू लागल्या.

"ते तर तुमीच काढलं होतं, रिसोडच्या गाडीत. मी मांगंच होती. तुमचा डबा सीटवर बसला अन् मले वाशिमपर्यंत उभं राहा लागलं."

मी चक्की सुरू केली. चक्की सुरू असली की बोललेलं ऐकू येत नाही.

८ डिसेंबर
शक्यता. एक, तिच्याकडे गेलेली प्रत वेगळी आहे. प्रत एकच आहे. दोन, लेखक कधीतरी रिसोडच्या गाडीत बसला असावा. लेखक लोक फिरतात.

९ डिसेंबर
वच्छलाला विचारलं, तू खरं वाचलं होतं का? म्हणाली, तुह्या दौलतरावांनी अर्धी ठेवलेली गोष्ट तुले चांगली सांगावी वाटलं. मंजू म्हणाली तिला पोळ्यांचा धंदा टाकायचा आहे, खूप दिवसांपासून. सासूला अजून सांगितलेलं नाही. तिला मी काही सुचवलं नाही. नुसतं ऐकलं.

११ डिसेंबर
जुबेदा गहू घेऊन आली. दुसरं पुस्तक मागते. म्हणाली पुढच्या वेळी पिशवीत घालू नका, सोडायला वेळ लागतो. तिच्यासाठी काय निवडावं सुचलं नाही. ज्याला खरंच वाचायचं असतं, त्याला देणं वेगळंच आहे.

१४ डिसेंबर
सकाळी दहाला लाईन गेली. चाळण्या साफ होत्या. स्टुलावर बसले. चष्मा घातला.

टाइप काही इतका बारीक नाही.

ह्यांनी दुमडलेला कोपरा ओळखू येतो, जुबेदाने दुमडलेले मोठे आहेत. त्या पानावर समुद्र आहे. पुढच्या पानावरही समुद्रच. स्टेशन नाही, कडुनिंब नाही, बाक नाही. मागची पानं पाहिली. मग पहिल्या पानापासून पाहिली. भाऊबंदकी आहे, होड्या आहेत, नारळ मोजायला आलेला एक कारकून आहे. वऱ्हाडीत कोणी बोलत नाही. ह्यांना एवढा समुद्र वाचायचा कंटाळा येत असणार. मधे मला बसवून द्यायचे. आणि मी समोर बसून म्हणायचे, काय हट्टी बाई आहे ही. हे मान हलवायचे. लई हट्टी, म्हणायचे.

तो स्टेशनवर पोचला होता.

उशीर झाला, कारण सायकल पंक्चर होती, हातात धरून चालत आणली. पुडीत भजे होते, अर्धे रस्त्यात खाल्ले होते. मी म्हटलं, मी काही रुसले नाही, गाडी बघायला आले. ह्यांनी पुडी माझ्यापुढे धरली. गाडी येऊन गेली तोवर पुडी संपली.

"पाह्यली न गाडी?" हे म्हणाले. "चाल मंग."

लाईन दुपारी आली. तोवर कादंबरी वाचून संपवली.

साधारण आहे. समुद्र फार आहे. कोणाला सुचवणार नाही.