पांढरी पाच

शनिवार, १४ नोव्हेंबर

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला खारूताई म्हणू नये, कळतं मला. पण लहानपणी माझ्या पेटीच्या भात्यात शेंगदाणे लपवणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणू? मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, उजवा कान कायमचा रजेवर गेलाय. जावईबापूंची पाठ आता कशी आहे? त्यांना नमस्कार सांग.

परवा तुझा फोन आला. मालिकेची जाहिरात बघून तू विचारलंस, "काका, हे असंच झालं होतं का?" मी म्हणालो, "मालिका आहे गं ती, मनावर घेऊ नकोस." मग दारावर कुणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं.

तुझ्या आईवरच्या या मालिकेत मी सल्लागार आहे. म्हणजे एक खुर्ची, पाणचट चहा आणि दर अर्ध्या तासानं "काका, हे बरोबर आहे ना?" बावीस वर्षं बाईंच्या शेजारी पेटी घेऊन बसलो, तेव्हा मला विचारणार नाहीत तर कुणाला? बाईंचं काम करणारी नटी चांगली आहे, शिकायची हौस दांडगी. बाई सूर मागताना मान वळवायच्या नाहीत, आठवतं? नुसता डावा कान जरासा माझ्याकडे करायच्या आणि हलकेच म्हणायच्या, "द्या." ते मीच तिला शिकवलं. नसती उठाठेव, दुसरं काय.

मंगळवारी शेवटच्या मैफलीचं शूटिंग होतं. पेटीवाल्याचं काम करणाऱ्या नटाला ताप भरला. दिग्दर्शक म्हणाला, "काका, तुम्हीच बसा. नुसती पाठ दिसेल." बसलो. दिवे लागले. तिनं राखाडी शाल सावरली, कान वळवला आणि म्हणाली, "द्या."

तो आवाज त्या पोरीचा नव्हता. तू हसशील, पण नव्हता. माझं बोट आपसूक पेटीच्या पांढरी पाच या पट्टीवर गेलं आणि तिथेच थिजलं. सगळे थांबले, कुणीतरी पाणी आणलं. तेव्हापासून घरातल्या पेटीवरचं कापड काढायचा धीर होत नाही. चहा गाळताना, भर दुपारी चपला घालताना, उजवीकडून "द्या" ऐकू येतं. त्या बाजूनं मला दुसरं काहीच ऐकू येत नाही. मला भीती वाटते, खारूताई. या वयात कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगतो.

आणि आता फोनवर जे गिळलं तेही सांगतो.

बाई काळी चारमधून गायच्या. पेटीवरची ती पट्टी म्हणजे त्यांचा मान होता. शेवटच्या वर्षी मात्र वरचा सूर घेताना त्यांच्या गळ्याची शीर ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. मला बघवेना. त्या शेवटच्या मैफलीत मी त्यांना न विचारता अर्धी पट्टी खाली उतरलो, पांढरी पाचमधून सूर दिला. तबलजीला आणि बासरीवाल्याला आधीच कानात सांगून ठेवलं होतं. गाणं असं रंगलं की लोक उठून उभे राहिले. बाई विंगेत येऊन म्हणाल्या, "गळा परत आला हो माझा!" मी मान डोलावली. बासरीवाला बासऱ्या पिशवीत भरत होता. तो सहज बोलून गेला, "काळी चारची बासरी आज बाहेरच काढावी लागली नाही."

बाईंचा चेहरा मी पाहिला. मला रागावल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला विचारलं असतंत, तर मी आपण होऊन खाली उतरले असते. आता माझाच कान मला फसवतो म्हटल्यावर गाऊ कशाच्या भरवशावर?"

त्यांना घरी पोचवलं, तर टेबलावर तुझी चिठ्ठी होती, लग्न करून जातेय म्हणून. बाई पुन्हा गायल्या नाहीत आणि लोकांनी चिठ्ठीची सांगड त्या मौनाशी घातली. मी घालू दिली. गायिकेची पट्टी परस्पर उतरवणाऱ्या पेटीवाल्याला दुसऱ्या कुणी शेजारी बसवलं असतं का? बाईंना ते ठाऊक होतं, म्हणून त्याही कुणाला बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्यावर मी पुढची अठरा वर्षं वाजवलं, हारतुरे घेतले.

मालिकेच्या लेखकानं विचारलं, बाईंनी गाणं का सोडलं? मी म्हणालो, "घरचं दुःख होतं." तेवढ्यावर त्यानं येत्या शुक्रवारचा अख्खा भाग उभा केला. तू बॅग घेऊन निघतेस आणि बाई पेटीचं झाकण लावतात.

काल जाऊन दिग्दर्शकाला सगळं खरं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, एवढ्याशा कारणानं कुणी गाणं सोडतं का? बघणाऱ्यांना पटायचं नाही." भाग बदलणार नाहीत. माझं नाव मात्र काढतील, मीच सांगितलं. हे पत्र तू कुणालाही दाखव, छापायला दे. माझी हरकत नाही, आणि असली तरी ऐकू नकोस.

तू चार वर्षांनी भेटायला आलीस, तेव्हा मी त्याच खोलीत होतो. तू बाईंना विचारलंस, "माझ्यामुळे सोडलंस का गं?" त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. मग तुला म्हणाल्या, "तुझा काही संबंध नाही." आई आपलं मन राखायला बोलतेय असं वाटून तू रडत जिना उतरलीस, आणि मी खिडकी लावत उभा राहिलो. ती खिडकी लागलेलीच होती.

तुझी आई तुझ्याशी खरं बोलली होती, बाळ.

ज्याचा संबंध होता तो,
पेटीकाका