शाल्मलीच्या कॉफीचे कागद

१७ जाने.
हळदीकुंकू झालं. छत्तीस बायका. तिळगुळाच्या पिशव्या ऐन वेळी संपल्या. वरच्या कपाटात पांढऱ्या कागदी शंकूंचं पाकीट दिसलं. आयते पुडेच की! हलवा भरला, वाटला. "काय सुबक हो!" मीही मिरवून घेतलं.

संध्याकाळी शाल्मली, सूनबाई, घोडबंदर रोडहून आली. कपाट उघडलं. "आई, माझे फिल्टर?"
तिच्या कॉफीचे गाळायचे कागद होते ते. मला काय ठाऊक? (ठाऊक होतं. दर रविवारी बघते.) म्हटलं, "कागदच ना गं? आमच्याकडे फडक्यानं गाळायचे, कोणी मेलं नाही." समोर चार बायका. फिदीफिदी हसल्या. मीही.
कुंकू लावून घेतलं, गेली. चहा नको म्हणाली.

१८ जाने., रवि.
अनीश एकटाच आला. "तिला काम आहे." खोटं बोलणं या मुलाला कधी जमलं नाही.

२५ जाने., रवि.
आजही एकटाच. "आई, कागदांचं काही नाही गं. बायकांसमोर हसलीस, ते."
म्हटलं, एवढं मनाला लावून घ्यायचं?
तो गेल्यावर ओट्यापाशी उभी राहिले. रविवारी ती इथेच ते चिनीमातीचं नरसाळं मांडायची, पाणी बारीक धारेनं सोडायची. दहा मिनिटं. मी कुरकुरायचे, "एवढ्यात माझं वरण होतं." पण त्या दहा मिनिटांतच ती बोलायची. वडिलांच्या आजारपणाचं, ऑफिसचं. एरवी नाही. चार वर्षांत या घरात स्वतःचं म्हणून तिनं ते नरसाळं आणि ते पाकीट, एवढंच ठेवलं होतं. आणि मी...

३१ जाने.
डोंबिवलीत पाच दुकानं. "फिल्टर? कुठल्या गाडीचा, काकू?" मूर्ख. शेवटी शेजारच्या पोरीनं फोनवरून मागवून दिले. सपाट बुडाचे निघाले, कडेला चुण्या, केकच्या वाट्यांसारखे. नरसाळ्यात बसेनात. परत पाठवले.

७ फेब्रु.
कॉन्व्हेंटात माफीची पत्रं लिहून घ्यायचे. पुढे ऑफिसात साहेबांचीही मीच लिहिली. आज शा.ला इंग्रजीत लिहिलं. एकही चूक नाही. वाचलं तर भाडेकरूला नोटीस. फाडलं. मराठीत दोन शब्दांचं काम, "माझं चुकलं." आरशासमोरसुद्धा निघेना.

८ फेब्रु., रवि.
सकाळी फोन केला. "घरीच आहे आई. या." बस, वाहतूक, पावणेदोन तास.
तिनं चहा केला, आलं घालून, मला लागतो तसा. कॉफी नाही. म्हटलं, "शाल्मली, त्या दिवशी मी हसले. माझं चुकलं." ती चहा गाळत होती. गाळणी बाजूला ठेवली. मग, "साखर एकच ना?"
अनीश फोनमध्ये तोंड खुपसून.
निघताना लिफ्टपर्यंत आली. विचारलं, "पुढच्या रविवारी?"
"बघते, आई."

अनीशचा आत्ता फोन होता. म्हणे, बघते म्हणाली म्हणजे येईल. त्याला काय कळतंय. माझ्या सासूबाईंना मी सत्तावीस वर्षं बघतेच म्हणत होते.