तुझ्या जागी मी गेले

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं भांडण अजून तुझ्याशीच आहे. रिटायर झाले, सरकारी क्वार्टर सोडलं आणि विद्यापीठाजवळ मुनिरक्यात एक खोली घेतली. घरमालकीण म्हणाली, "अच्छा, बेटी का एडमिशन हुआ है?" म्हटलं, "मेरा. एम.ए. में." ती इतकी हसली की किल्ली द्यायचीच विसरली. वर्गातली पोरं मला आंटी म्हणतात. बाकावर बसून गुडघे भरून येतात आणि दर वेळी तुझी आठवण होते. चांगली नव्हे.

बाबांचं तेरावं नुकतंच झालं होतं. त्यांचे साहेब घरी आले, नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला जी नोकरी देतात, तिचा अर्ज घेऊन. तू स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होतीस, मी चहा गाळत होते. "भाभीजी, आप मैट्रिक पास हैं, क्लर्की मिल जाएगी. बस साइन कर दीजिए." ताटातून मान वर न करता तू म्हणालीस, "मुझसे नहीं होगा. लड़की जाएगी." मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, वर्गात पहिली. मला विचारलंसुद्धा नाहीस. मी रडले तर म्हणालीस, "रडतेस काय? सरकारी नोकरी चालून आलीय. मला मेलीला हिंदी येत नाही, ऑफिसात माझा कसा निभाव लागणार?" हिंदी येत नाही! त्याच आठवड्यात खाली भाजीवाल्याला झापत होतीस आणि अख्खी कॉलनी ऐकत होती, "सड़ी गोभी किसको देता है रे? मेरी आँखें नहीं हैं क्या?" तेव्हाच मी ठरवून टाकलं, तू खोटारडी आहेस. तुला घरात बसायचं होतं, बस्स.

पहिल्या दिवशी बाबांचाच डबा घासूनपुसून माझ्या हातात दिलास. पुढे तू असेपर्यंत तो एकदाही चुकला नाही. सेक्शनमधल्या बायका म्हणायच्या, आई किती करते हिची! मी मुकाट्याने पोळी-भाजी गिळायची. बी.ए. पत्राद्वारे कसंबसं उरकलं. निकाल तुला सांगितला नाही, तूही विचारला नाहीस.

परवा वर्गात मॅडम म्हणाल्या, "गुरुवार को आप अपना पेपर पढ़िए." माझ्यापुढे पोरच त्या. पेपर लिहून तयार आहे, बराही झालाय. उभा जन्म मी साहेबांना फायली समजावण्यात घालवला. तरी सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "मुझसे नहीं होगा." आवाज तुझाच, मानसुद्धा तशीच खाली. पिशवी उचलून बाहेर आले आणि बसस्टॉपवर बसून राहिले. बस आली, तीही सोडली.

म्हणजे तू खोटं बोलत नव्हतीस. भाजीवाल्याशी भांडणं वेगळं आणि परक्या माणसांनी भरलेल्या खोलीत तोंड उघडणं वेगळं, हे मला या वयात कळलं. म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. तुला भीती वाटली तेव्हा पुढे करायला तुझ्याकडे मी होते. माझ्याकडे कुणी नाही. गुरुवारी मलाच जावं लागणार. आणि त्या दिवशी डबा तू भरून द्यावास असं वाटतंय, याचीच जास्त चीड येते.