तुझं मशीन आणि माझं स्पॅनिश

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार, ताईला नुसता नमस्कार (ती वाकू देत नाही) आणि बाळाला पापा. गुडघा कसा आहे? इथली मुळीच काळजी करू नकोस. कुंड्यांना पाणी घालतो, गॅस बंद करतो, आणि तुझं शिलाई मशीन घरातच आहे. गणवेशांची ऑर्डर पहिल्या तारखेची, म्हणजे अजून दहा दिवस आहेत. नातवाजवळ निवांत आठवडाभर राहा.

आता बातमी. साहेबांनी (तोंडात कायम पेन्सिल, त्यामुळे निम्मं बोलणं अंदाजाने समजून घ्यायचं) मला शिलाई मशीनचं माहितीपुस्तक दिलं, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायला. नीट झालं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसायचं. माझ्या डाव्या हातचा मळ! पण नवव्या पानावर आलं: ते सैल करा, ते काढा, ते पुसा, मग त्यावर ते बसवा. इंग्रजी माणूस एकदा 'इट' म्हणाला की हात झटकून मोकळा होतो. स्पॅनिशला ते खपत नाही. स्क्रू पुल्लिंगी, म्हणून 'लो'; सुई स्त्रीलिंगी, म्हणून 'ला'. नाव-गाव कळल्याशिवाय दार न उघडण्यात ती भाषा थेट तुझ्यावर गेली आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, सगळीकडे 'लो' ठोकून द्या, कोण बघतंय?" मी बधलो नाही. शंका आली की वस्तू हातात घेऊन बघावी, हे तूच शिकवलंस ना?

म्हणून हातात घेतली. वाक्य वाचायचं, स्क्रू फिरवायचा, जे निघेल त्याची ओळख पटवायची, आणि नाव चिठ्ठीवर लिहून ती त्याला दोऱ्याने बांधायची. अशा तेवीस चिठ्ठ्या झाल्या. साहेबांनी चक्क पेन्सिल बाहेर काढून शाबासकी दिली. नोकरी पक्की झाली, आत्या! ज्या मशीनवर रात्रंदिवस शिवून तू मला शिकवलंस, त्यानेच मला पायावर उभं केलं. हे लिहिताना खरंच डोळे भरून आले.

तुझा (आता कायम नोकरीतला) भाचा

ता.क. तेवीस भाग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर आहेत. मी सध्या ओट्यापाशी उभा राहून जेवतो. दुरुस्तीवाले काका येऊन गेले. चिठ्ठ्या फक्त स्पॅनिशमध्ये आहेत म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला, पाणी प्यायले आणि निघाले.

ता.क. २ पुस्तकातलं शेवटचं वाक्य होतं, 'आता ते सगळे होते तसे परत बसवा.' त्या 'ते सगळे'चं भाषांतर मी एका मिनिटात केलं, मशीनकडे न बघता. साहेबांना तेच वाक्य सर्वांत आवडलं.

ता.क. ३ आठवडाभर राहा म्हणालो ते मनावर घेऊ नकोस. पत्र मिळताच पहिल्या गाडीने निघ. बाळाचा पापा तेवढा कायम.