मुळगावची उलटी गाडी

बाबा, तुझी उलटी गाडी अजून चालते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी काळा दगड बघायला मी पेडण्यात एका लाद्यांच्या वखारीत गेले होते. तिथे ती लाद्या उचलत होती. वर दुसराच रंग आहे, पण उलटी फिरवलेली सीट मी लगेच ओळखली.

खाणी बंद पडल्या आणि मुळगावात ओळीनं ट्रक उभे राहिले, चाकांत गवत वाढलं. त्यातलाच एक तू गॅरेजात ओढून आणलास. हौदा काढलास, चॅसी कापून आखूड केलीस, सीट आणि स्टेअरिंग फिरवून मागच्या चाकांकडे तोंड करून बसवलंस. ट्रकाची पाठ म्हणजे आता गाडीचं तोंड. तिथे खांब, साखळ्या, हौदा उचलणारा जुना जॅक आणि माल उचलायला दोन लांब सुळे. आई दारात उभी राहून बघते आणि म्हणते, "तोंड खंय नि शेपूट खंय, ताच कळना नाय!" तू हसतोस. मग इंजिनाच्याही पलीकडे, अगदी शेवटाला, लोखंडाचं भलंमोठं वजन जोडतोस आणि मला सांगतोस, "ह्यां नसला तर गाडी नाकार आपाटतली."

डिचोलीच्या लाद्यावाल्यानं ती नेली आणि एका दुपारी ती खरंच नाकावर आपटली. चालवणारा उडून लाद्यांवर पडला. त्याचा पाय पुढे कधीच सरळ झाला नाही. गाडीचं मागचं वजन जागेवर नव्हतं, एवढंच आम्हाला लोकांकडून कळलं. तू घरी आलास, हातपाय धुतलेस आणि म्हणालास, "चूक माझी." त्यापुढे एक शब्द नाही. त्याच आठवड्यात तुझा वेल्डर, तो कोल्हापूरकडचा, न सांगता गावाला गेला तो परत आलाच नाही. आईनं तेव्हाच ठरवलं, "त्या घाटावरच्यानच कायतरी केल्यान. तुझो बापूस तेका पाठीशी घालता." मीही तेच धरून बसले. गॅरेजात कोणी येईनासं झालं, तू ओसरीवर बसून राहायला लागलास, मग गेलासही. आमचा संशय मात्र घरात राहिला. बाहेरचा कोणी कामाला आला की आई अजून त्याच्या हातांकडे बघत बसते. खरं तर मीही बघते.

पेडण्याच्या वखारीतून परतल्यावर मी त्या वेल्डरचा नंबर शोधून काढला. ओळख दिली, वजनाचं विचारलं. तो चिडेल, अशी मी तयारी केली होती. तो लगेच म्हणाला, "व्हय ताई, म्याच कापलं. मेस्तांचा काय संबंध न्हाई." तुला तो मेस्तच म्हणायचा. म्हणजे इतकी वर्षं आमचं बरोबर होतं. पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. गुन्हा केलेला माणूस इतक्या पटकन कबूल होतो?

दुसऱ्या दिवशी ओट्याचं माप विसरल्याचं निमित्त करून पुन्हा वखारीत गेले. गाडीच्या मागे आता कोणीतरी लोखंडाचे तुकडे साखळीनं बांधलेत. त्यांच्या वर, तू ते वजन ज्या पट्ट्यांनी जोडलं होतंस, त्यांची कापलेली टोकं आहेत. मी बोट फिरवलं. गुळगुळीत. कापलेली कड तू नेहमी घासून घ्यायचास, कोणाचा हात फाटू नये म्हणून. आणि तो वेल्डर कधीच घासायचा नाही, त्यावरून तू त्याला रोज ओरडायचास.

घरी येऊन पुन्हा फोन लावला. म्हटलं, "कड घासलेली आहे." तेव्हा तो म्हणाला, "मेस्तांनीच कापलं, ताई. मागच्या वजनामुळं वखारीच्या फाटकातनं गाडी वळत न्हाई म्हनून तो लाद्यावाला मालक रोज येऊन बसायचा. मेस्त म्हनाले, काढतो, पर माल निम्माच उचलायचा. मालकानं हू म्हटलं."

"मग तुम्ही पळालात का?"

"पळालो न्हाई. मेस्तांनीच गावाकडच्या एस्टीत बसवून दिलं. म्हनाले, तू बाहेरचा, पयला तुलाच धरतील."

"आणि काल खोटं का बोललात?"

"मेस्त गेले. आता त्यांचं नाव कशाला?"

बाबा, तुझं ते "चूक माझी" मी इतकी वर्षं मोठेपणा समजत होते. दुसऱ्याचं पाप अंगावर घेणारा माणूस, असा मी तुझा अभिमान बाळगला. तू तर नुसतं खरं बोलत होतास. आम्हीच त्यावर विश्वास ठेवला नाही. राग येतो मला. ते वजन कशासाठी असतं हे तू मला सांगितलं होतंस आणि तूच ते काढलंस, एका माणसाच्या "हू"वर. आणि तरीही, स्वतःच्या घराकडे बोटं वळत असताना तुला आधी त्या परक्या पोराची काळजी वाटली, हेही मला पुसता येत नाही.

फोन संपला तेव्हा आईनं आतून विचारलं, "कोणाचो गो फोन?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

हा कागद तिच्या हाती लागण्याआधी न्हाणीच्या चुलीत घालीन. तिला कधीतरी सांगेन, असं लिहायला बसले होते. पण माझं मलाच ते खरं वाटत नाही.