ताईला खाज नाही

९ ऑगस्ट
बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला – खाज, खाज, खाज! आज सभेत मी म्हणाले, "प्रतिकार ही जिवंतपणाची खूण आहे!" टाळ्या पडल्या, आणि मी माईक काखेत धरून मनगट ओरबाडत होते. ताईला सांगितलं तर पोट धरून हसली. "अगं, लोकांना तो आवेश वाटला असेल!"

तिला खाज नाही. हातांवर, डोक्यात जाड पापुद्रे आलेत, पण ती नखही लावत नाही. "किडनीच्या गोळ्यांनी कातडी सुकते," असं भाचा म्हणतो. किडनी माझी, गोळ्या तिच्या. तिच्या शरीरानं माझी किडनी परकी मानू नये म्हणून जन्मभर घ्यायच्या.

१२ ऑगस्ट
मला खरूज झालीय. भाचा भडकला. "मावशी, तुझ्या त्या सभा आणि कुठल्या कुठल्या सतरंज्या! आईपासून लांब राहा." बरोबरच बोलला. अंथरूण बाहेरच्या खोलीत. ताईला दारातूनच बघायचं. तिच्या पापुद्र्यांना औषधवाल्यानं दिलेलं मलम तो चोळतो. लाली गेली म्हणे. चला, ती तरी सुटली.

२० ऑगस्ट
आता भाच्यालाही. "तुझीच देणगी," म्हणाला. मी वाद घातला नाही. मी!

२७ ऑगस्ट
ताईच्या हाताला भेगा पडल्या, म्हणून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पापुद्रा खरवडून भिंगाखाली धरला आणि मला बोलावलं. वळवळ. नुसती वळवळ.

"हजारो किडे आहेत. घरात खरूज तुमच्या ताईंपासून पसरली."
"पण तिला खाज नाही!"
"शरीर किड्याला ओळखून भांडायला उठतं, तेव्हा खाज सुटते. तुमच्या अंगावर मोजकेच असतील, कारण तुमचं शरीर भांडतंय. यांचं गोळ्यांनी गप्प आहे. वर मलमानं कातडीचंही तोंड बंद केलंत."

म्हणजे आम्ही भांडणाऱ्या शरीराला बाहेर काढलं आणि किड्यांना मलम लावून घरात निजवलं.

परतताना रिक्षातून उतरल्यावर भाच्यानं माझी पिशवी स्वतःकडे घेतली.

२८ ऑगस्ट
ताईला ताप. भेगांतून जंतू रक्तात शिरलेत. वॉर्डात ठेवलंय.

दोन डॉक्टर दारातच जुंपले. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्या कमी करा. किडनीवाले म्हणतात, "किडनी जाईल." "नाही केल्या तर पेशंट जाईल!" मग दोघं माझ्याकडे वळले. भर चौकात लाठ्यांसमोर बोललेली बाई मी. पुढे केलेला कागद भाच्याकडे सरकवला. भाच्यानं सही केली. कमी करा.

दिवसभर वैद्यकाची पुस्तकं चाळली. रोग असा वाढतो, तसा वाढतो – सगळं स्पष्ट. माणूस वाचेल का, इथं आलं की प्रत्येक लेखक "बहुधा" लिहून पान उलटतो. हरामखोर!

ताई तापातही म्हणते, "बये, एखादं भाषण कर ना. झोप तरी लागेल."

हातमोजे घालून तिचा हात धरून बसले.

३० ऑगस्ट
ताप तोच.

३१ ऑगस्ट
तोच. ती मला ओळखत नाही. नर्सला "आई" म्हणाली.

४ सप्टेंबर
ताप उतरला! खरजेच्या औषधानं पापुद्रे सुटून पडताहेत, नर्स चादरी पिशवीत बांधून नेते. आणि सकाळी ताईनं कोपर खाटेच्या दांड्यावर घासलं. पुन्हा घासलं. "काय गं हे, खाजतंय!"

मी ढसाढसा रडले. भाच्यानं वॉर्डात शिटी मारली. ताई खवळली, "मेल्यांनो, मला खाजतंय आणि तुम्ही नाचताय!"

५ सप्टेंबर
सकाळपासून तिला लघवी झाली नाही. ताईचं शरीर खरंच जागं झालंय. त्यानं माझी किडनीही परकी म्हणून ओळखली.